मनातील अढी

संस्कृतातून मराठीत आलेल्या काही शब्दांनी वाटेत आपला अर्थ पार पालटून घेतला आहे. राग हा त्यांपैकीच एक शब्द. संस्कृतात राग म्हणजे रंग आणि त्यावरून एखाद्या वस्तूवर वा व्यक्तीवर मन रंगून जाणे, प्रीती, आसक्ती. अनुराग या शब्दात तो जुना अर्थ आजही टिकून आहे. गीतेत राग, भय आणि क्रोध यांच्यापलीकडे गेलेल्या पुरुषाचे वर्णन येते, तेथेही राग म्हणजे आसक्ती. क्रोधाचा उल्लेख निराळ्या शब्दाने केलेला आहे. मराठीत मात्र राग म्हणजेच क्रोध झाला. हा पालट कसा झाला, हा भाषाशास्त्रज्ञांचा विषय. परंतु त्यात मानवी मनाविषयीचे एक सत्य नकळत उमटले आहे. ज्याच्याशी काही देणेघेणे नाही, त्याचा माणसाला फारसा राग येत नाही. रस्त्याने जाणारा अनोळखी मनुष्य नमस्कार न करता पुढे गेला, तर मन ढळत नाही. पण सख्खा भाऊ तसाच पुढे गेला, तर रात्रभर झोप येत नाही. जेथे जीव गुंतलेला असतो, तेथेच तो दुखावतो. स्वतःचे नाव, स्वतःचा मान, स्वतःचे घर, स्वतःचा शब्द, स्वतःची माणसे, यांपैकी कशाला तरी धक्का लागल्यावाचून रागाची ठिणगी पडत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्याच्या अधःपाताची जी साखळी सांगितली आहे, तीत क्रोध ही पहिली कडी नाही. विषयांच्या चिंतनापासून आसक्ती, आसक्तीपासून इच्छा, आणि इच्छेला अडथळा आला की क्रोध, असा तो क्रम आहे. पुढे क्रोधातून भ्रम, भ्रमातून विस्मरण, आणि अखेरीस बुद्धीचा नाश.

क्रोधाच्या छटा ओळखण्यात मराठी भाषा मोठी चोखंदळ आहे. चीड वेगळी, संताप वेगळा, त्वेष वेगळा. रुसवा हा रागाचा कोवळा भाऊ. त्याला समजूत हवी असते आणि ती मिळाली की तो हसतो. राग येतो आणि जातो. परंतु आकस बाळगला जातो, डूख धरला जातो, आणि अढी बसते. क्रियापदांकडे लक्ष दिले, तर भेद लगेच ध्यानात येतो. जो येतो तो पाहुणा. त्याला जाण्याची वाट असते. जे धरले जाते, बाळगले जाते, त्याला धरणारा आणि बाळगणारा कोणी तरी असावा लागतो. क्रोध आणि कटुता यांतील सीमारेषा याच ठिकाणी आहे. क्रोध मनुष्यावर येऊन आदळतो. कटुता मनुष्य स्वतः सांभाळतो, तिला रोज थोडे खाऊ घालतो आणि वर्षानुवर्षे पोसतो.

क्रोध शरीरावर कसा आदळतो, हे सामान्य माणसाने शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी टिपून ठेवले आहे. तळपायाची आग मस्तकाला जाणे, अंगाचा तिळपापड होणे, दातओठ खाणे, मुठी वळणे, डोळ्यांत अंगार फुलणे, हे सारे वाक्प्रचार शरीराच्या निरीक्षणातून जन्मले आहेत. हार्वर्ड विद्यापीठातील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या अवस्थेची शास्त्रीय मांडणी केली. क्षुब्ध झालेल्या प्राण्याच्या मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून एक द्रव्य रक्तात मिसळते; त्यासरशी हृदयाचे ठोके वाढतात, यकृतातील साखर रक्तात उतरते, पोटातील पचनाचे काम थांबते आणि तेथील रक्त हातापायांच्या स्नायूंकडे धावते. रक्त लवकर गोठण्याचीही तजवीज होते, म्हणजे जखम झाली तर रक्तस्राव कमी व्हावा. थोडक्यात, शरीर युद्धाला सज्ज होते. अरण्यात वाघासमोर उभ्या असलेल्या आदिमानवाच्या हिताची ही योजना होती. परंतु कचेरीतल्या खुर्चीवर बसून वरिष्ठाचा टोमणा ऐकणाऱ्या कारकुनाच्या शरीरातही तीच सज्जता होते, आणि त्याला ना लढता येते ना पळता येते. चालवण्यासाठी आलेली ती शक्ती आतल्या आत घिरट्या घालीत राहते. १९९५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत हृदयविकाराचा झटका आलेल्या १,६०० हून अधिक रुग्णांना त्या झटक्याच्या आधीच्या घटका विचारण्यात आल्या. तीव्र संतापानंतरच्या दोन तासांत झटक्याचा धोका एरवीच्या दुपटीहून अधिक असतो, असे त्यांतून दिसून आले. रागाने जीव जातो, ही म्हातारीकोतारी माणसांची समजूत अगदीच निराधार नव्हती.

तथापि शरीराची ही वादळी अवस्था स्वभावतः अल्पजीवी असते. नवे कारण घडले नाही, तर रक्तातील द्रव्याचा प्रभाव ओसरतो, श्वास मंद होतो, हातांचा कंप थांबतो. मग प्रश्न असा पडतो की, एवढा अल्पायुषी विकार एखाद्याच्या मनात वीस वीस वर्षे कसा जिवंत राहतो? त्याचे उत्तर असे की, नवे कारण बाहेर घडले नाही तरी मनुष्य ते आत घडवीत असतो. अपमानाचा प्रसंग तो पुन्हा आठवतो, त्या वेळी न सुचलेले उत्तर आता मनाशी जुळवतो, समोरच्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणतो. आणि शरीराला प्रत्यक्ष प्रसंग व आठवलेला प्रसंग यांतील फरक फारसा कळत नसल्यामुळे तेच वादळ पुन्हा उठते. अपमान एकदाच झालेला असतो, पण तो सोसला जातो हजार वेळा.

याच ठिकाणी एका लोकप्रिय गैरसमजाचा विचार करणे अवश्य आहे. राग आत कोंडू नये, तो ओकून टाकावा, काही तरी आपटावे, आदळावे, म्हणजे मन मोकळे होते, असे पुष्कळांना वाटते. ब्रॅड बुशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात ही समजूत कसोटीला लावली. विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या निबंधांवर मुद्दाम बोचरे शेरे मारून त्यांना चिडवण्यात आले. मग काहींना शेरे मारणाऱ्या व्यक्तीचा विचार करीत मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारू दिले; काहींना व्यायाम म्हणून ठोसे मारण्यास सांगितले; आणि काहींना नुसते स्वस्थ बसवून ठेवले. ज्यांनी त्या व्यक्तीला मनात धरून ठोसे मारले, तेच सर्वांत अधिक संतप्त राहिले. आणि जे काहीही न करता स्वस्थ बसले होते, त्यांच्या वागण्यात सूडाची भावना सर्वांत कमी आढळली. आगीवर फुंकर घातल्याने ती विझत नाही, एवढाच याचा अर्थ. आदळआपट ही रागाची वाट नसून त्याची तालीम ठरते.

कटुतेचे सर्वांत भीषण चित्र महाभारतात आहे, आणि ते अश्वत्थाम्याचे आहे. त्याचा क्रोध अकारण होता, असे कोणालाही म्हणता येणार नाही. अर्धसत्याचा आधार घेऊन त्याच्या पित्याला शस्त्र खाली ठेवण्यास लावले गेले, आणि नि:शस्त्र बसलेल्या त्या वृद्ध आचार्याचा धृष्टद्युम्नाने शिरच्छेद केला. असा पुत्र क्षुब्ध झाला नसता, तर तेच नवल. परंतु युद्ध संपत आल्यावर, दुर्योधन मरणोन्मुख पडला असता, वडाखाली जागत बसलेल्या अश्वत्थाम्याला झाडावर निजलेल्या कावळ्यांचा संहार करणारे घुबड दिसले. आणि त्या क्षणी त्याच्या न्याय्य क्रोधाने आपला मार्ग निवडला. शेजारी मामा कृपाचार्य होते. रात्र जाऊ दे, झोप घे, सकाळी विचार कर, अशा आशयाचा सल्ला त्यांनी दिला होता. एक रात्र थांबणे एवढेच मागणे होते. पण आपल्याला झोप येणे शक्य नाही, असेच त्याचे उत्तर होते. त्या रात्री त्याने झोपलेल्यांना मारले, द्रौपदीच्या पाचही पुत्रांचा वध केला, आणि पुढे उत्तरेच्या उदरातल्या गर्भावरही अस्त्र सोडले. पित्याच्या अन्याय्य मरणाचा जाब मागण्यासाठी निघालेला पुत्र अखेरीस न जन्मलेल्या बालकाचा शत्रू झाला.

त्याची शिक्षा मृत्यूची नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. मस्तकावरचा मणी काढून घेतला जातो आणि त्याला सहस्रावधी वर्षे एकाकी भटकण्याचा शाप मिळतो. महाराष्ट्राच्या लोकमानसाने त्यात भर घातली, ती भळभळत्या जखमेची. जखमेवर घालायला तेल मागत तो अद्याप फिरतो, अशी कथा घरोघर सांगितली गेली आहे. मराठी माणूस न भरणाऱ्या दुःखाला अश्वत्थाम्याची जखम म्हणतो. कटुतेचे याहून अचूक वर्णन मानसशास्त्राच्या ग्रंथातही सापडणे कठीण. जखम भरत नाही, कारण ती भरू दिली जात नाही. आणि जखमी मनुष्य मरतही नाही, कारण त्याच्या जगण्याचे दुसरे काही प्रयोजनच उरलेले नसते.

याच कथेची दुसरी बाजू भागवतात येते. पाच पुत्रांच्या हत्याऱ्याला बांधून अर्जुनाने द्रौपदीसमोर आणून उभे केले, तेव्हा तिने त्याला सोडण्यास सांगितले. तिचे कारण तत्त्वज्ञानाचे नव्हते. पुत्रवियोगाने आपण जशा रडत आहोत, तशी याची आई कृपी हिला रडण्याची पाळी येऊ नये, एवढेच तिचे म्हणणे होते. महाभारतातील द्रौपदी मात्र इतकी सौम्य नाही. ती अन्नपाणी सोडून बसते आणि न्याय मागते. दोन्ही ग्रंथांतील द्रौपदी खऱ्या आहेत असे मानावयास हरकत नाही. पहिल्या आघातात दंडाची मागणी करणारे मन आणि दुसऱ्या आईचे अश्रू पाहू शकणारे मन ही एकाच स्त्रीच्या ठायी असू शकतात. क्रोध ओलांडणे म्हणजे तो कधी आलाच नव्हता असे भासवणे नव्हे.

महाकाव्यातील प्रसंग भव्य असतात. घरातले प्रसंग लहान असतात, पण त्यांची रीत तीच असते. वडील वारल्यावर दोन भावांत वाटणी होते. जमीन, घर, गुरे यांचा हिशेब कसाबसा जुळतो, आणि एका तांब्याच्या हंड्यावरून शब्द वाढतो. हंडा पाण्याचाच, बाजारात कोठेही मिळण्याजोगा. पण आईने तो कोणाला देऊ केला होता, यावर खरे भांडण असते. पुढे धाकट्याच्या मुलीचे लग्न निघते, आणि तो थोरल्याकडे स्वतः न जाता मुलाच्या हाती अक्षत पाठवतो. थोरला लग्नाला जात नाही. मग दिवाळीचा फराळ थांबतो, बांधावरून बोलणे थांबते, पोरांनी एकमेकांच्या अंगणात जाऊ नये असे ठरते. वीस वर्षांनी त्या घरातील नातवाला विचारले की, ही दोन घरे का बोलत नाहीत, तर त्याला हंडाही ठाऊक नसतो आणि अक्षतही. त्याला फक्त वैर ठाऊक असते. मूळ कारण विसरले गेल्यावरही जे उरते, तीच खरी कटुता. वडिलोपार्जित मालमत्तेप्रमाणे तिची वाटणी न होता ती सगळ्यांच्या नावे पूर्णच्या पूर्ण चढते.

अशा बंद झालेल्या घरांना दार असते, आणि बाहेरून कोणी तरी ते ठोठवावे लागते. ज्ञानदेवांविषयी वारकरी परंपरेत सांगितली जाणारी ताटीची कथा याच दाराची आहे. संन्याशाची मुले म्हणून समाजाने दूर लोटलेली, आईबापांचे छत्र हरपलेली ती चार भावंडे. कोणाच्या तरी अपमानकारक वागण्याने ज्ञानदेवांचे मन विटले, आणि त्यांनी झोपडीची ताटी लावून घेऊन आत कोंडून घेतले. ताटी म्हणजे कुडाचे साधे दार. बाहेरून ढकलले असते तरी निघाले असते. पण मुक्ताईने ते ढकलले नाही. वयाने सर्वांत लहान असलेल्या त्या बहिणीने बाहेर उभे राहून आळवले, आणि ज्ञानदेवांनी ताटी आतून उघडली. ताटीच्या अभंगांना मराठी मनात जे स्थान आहे, ते त्यातील उपदेशामुळे जितके आहे, तितकेच त्यातील नात्यामुळेही. मुक्ताईने भावाला, तुझा अपमान झालाच नाही, असे सांगितले नाही. तो जो आहे, त्याची तिने त्याला आठवण दिली. रागाने आंधळा झालेला मनुष्य सर्वांत आधी स्वतःलाच विसरतो. गीतेने ज्याला विस्मरण म्हटले, ते हेच असावे. त्या वेळी त्याला युक्तिवाद नको असतो, ओळख देणारे माणूस हवे असते. आणि ज्ञानेश्वरीच्या अखेरीस विश्वात्मक देवाजवळ जे मागणे मागितले आहे, त्यात दुष्टांचा नाश मागितलेला नाही. त्यांच्या मनाचे वाकडेपण जावे, एवढेच मागितले आहे. ज्यांना दूर लोटले गेले होते, त्यांच्यातील एकाने ते मागितले, हे विसरून त्या प्रार्थनेचे मोल कळणार नाही.

परंतु येथे एक रास्त शंका उभी राहते. अन्याय सोसणाऱ्याला क्षमेचा उपदेश करणे हे अन्याय करणाऱ्याच्या सोयीचे नाही काय? ही शंका टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ॲरिस्टॉटलने क्रोध सर्वस्वी निषिद्ध मानला नाही. योग्य व्यक्तीवर, योग्य कारणासाठी, योग्य प्रमाणात आणि योग्य वेळी रागावणाऱ्याची त्याने प्रशंसाच केली आहे, आणि जेथे रागावावयास हवे तेथेही जो रागावत नाही, त्याला दोष दिला आहे. वनपर्वात द्रौपदीनेही युधिष्ठिराला, सदैव क्षमा करणे श्रेयस्कर नाही, हे प्रल्हाद आणि बली यांच्या संवादाचा दाखला देऊन सुनावले आहे. तेव्हा प्रश्न क्रोध असावा की नसावा, असा नाहीच. आलेल्या क्रोधाचे पुढे काय करावे, असा तो आहे.

त्याचे एक उत्तर महाडने दिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी तेथील पाणी प्राशन केले. ज्या तळ्यावर कोणत्याही धर्माच्या माणसाला पाणी भरता येत होते, तेथे त्यांनाच मज्जाव होता. त्यानंतर परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ला झाला. लोक जखमी झाले. अनुयायांत लष्करात राहून आलेले धडधाकट पुरुष होते, आणि बाबासाहेबांचा एक शब्द पुरला असता. तो शब्द त्यांनी उच्चारला नाही. प्रतिकाराला सज्ज झालेल्यांना त्यांनी आवरले. पण त्यांनी हक्कही सोडला नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, न्यायालयाचा मनाईहुकूम आला तेव्हा तळ्यावरील सत्याग्रह स्थगित करण्यात आला, आणि दावा लढवला गेला. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. या दहा वर्षांत संताप विझला होता, असे म्हणणे चूक ठरेल. तो विझू दिला नाही आणि भडकूही दिला नाही. दिव्याच्या ज्योतीसारखा सांभाळून त्याच्या उजेडात काम केले गेले. अश्वत्थाम्याला एक रात्र थांबता आले नाही, आणि येथे एक अख्खा समाज दहा वर्षे निकालाची वाट पाहत उभा राहिला. दोन्हीकडे अन्याय खरा होता. फरक पडला तो क्रोधाला कोणते काम दिले गेले, यामुळे.

दुसरे उत्तर महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या आयुष्यात सापडते. प्रथम पत्नीच्या मृत्यूनंतर १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विद्यार्थिनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. कोकणातील मुरूड हे त्यांचे गाव. या गावाने सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. आपल्या आईच्या घरीही त्यांना मोकळेपणाने राहता येईना. ज्या गावाच्या भल्याची चिंता त्यांनी तरुण वयापासून वाहिली, त्याच गावाने दार लावले. मन कडवट होण्यास याहून अधिक काय लागते? कर्व्यांनी त्या सभेला उत्तर देणारी सभा भरवली नाही. विधवाविवाहाला साह्य करणारी संस्था त्यांनी त्याच वर्षी काढली; १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम स्थापन केला; पुढे हिंगण्याच्या माळावर झोपडी उभी राहिली, आणि फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून हे गृहस्थ पायी हिंगण्याला जात राहिले. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ निघाले. आणि १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील मुलांच्या प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी मंडळ काढले. ज्या खेड्याने त्यांना बाहेर ठेवले, तशाच खेड्यांसाठी ते दारोदार वर्गणी गोळा करीत हिंडले. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला आणि १९६२ मध्ये, शंभरी ओलांडून, ते वारले. कटुतेला जागा न मिळण्याचे एक कारण त्यांच्या दिनक्रमातच दिसते. ज्या हातांना उद्याचे काम आहे, त्यांना कालचा अपमान फार वेळ धरून ठेवता येत नाही.

सामान्य माणसाजवळ तळे नसते आणि विद्यापीठही नसते. त्याच्याजवळ असतो तो त्याचा रोजचा दिवस. त्या दिवसापुरते काही उपाय जुन्या व नव्या विचारवंतांनी सांगून ठेवले आहेत. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने क्रोध या एकाच विषयावर तीन भागांचा ग्रंथ लिहून तो आपल्या भावाला उद्देशून ठेवला आहे. विलंब हा क्रोधावरील सर्वांत मोठा उतारा, हे त्याचे सार. क्रोधाजवळ क्षमा मागू नये, फक्त अवधी मागावा. थोडा वेळ मिळाला की विवेक आपले काम आपण करतो. कृपाचार्यांनी मागितली होती ती एक रात्र हीच. त्याच ग्रंथात सेनेका आपली एक सवय सांगतो. रात्री दिवा मालवल्यावर, पत्नी निःशब्द झाली की, तो आपल्या दिवसाची झडती घेई: आज कोणाशी अधिक तीव्र बोललो, कोठे वाद घालण्याचे कारण नव्हते. ती झडती तो न्यायाधीशाच्या कठोरपणाने घेई, पण शेवटी स्वतःला क्षमाही करी. जो स्वतःला कधीच क्षमा करीत नाही, त्याला दुसऱ्याला क्षमा करणे जड जाते.

अवधी मिळवण्याचा एक नमुना अब्राहम लिंकनच्या कागदपत्रांत मिळाला. जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईनंतर शत्रूसैन्य निसटून गेले, आणि सेनापती मीड यांनी त्याचा पाठलाग करण्यात कुचराई केली, असे लिंकनला वाटले. युद्ध तेव्हाच संपले असते, अशी त्याची खात्री होती. त्याने मीड यांना एक कठोर पत्र लिहिले. आणि ते कधी पाठवले नाही. त्याच्या मृत्यूनंतर ते पाकिटासह सापडले, आणि पाकिटावर त्याने स्वहस्ते नोंद केली होती की, हे पत्र पाठवले नाही व त्यावर सही केली नाही. लिहिल्याने मनातील गुंता कागदावर उतरला, आणि न पाठवल्याने त्या कागदाचे शस्त्र झाले नाही. १९८६ मध्ये जेम्स पेनिबेकर या मानसशास्त्रज्ञाने अशा लेखनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आपल्या आयुष्यातील अत्यंत क्लेशकारक अनुभवाविषयी लिहिण्यास सांगितले होते. लिहिताना त्यांना त्रास झाला. पण पुढच्या महिन्यांत त्या विद्यार्थ्यांतील ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना वैद्याकडे जाण्याचे प्रसंग कमी आले. आदळआपट आणि लेखन यांत हा भेद आहे. पहिल्यात प्रसंग तसाच्या तसा पुन्हा घडतो. दुसऱ्यात त्याला आदि, मध्य आणि अंत मिळतो. ज्या गोष्टीला अंत मिळाला, ती मागे टाकता येते.

याहूनही एक अवघड पायरी आहे. मनुष्याने आपल्या रागाला विचारावे की, तुझ्याखाली काय आहे? पुष्कळदा त्याच्याखाली दुःख असते, आणि ते दुःख बोलून दाखवण्याची लाज वाटते म्हणून राग बोलत असतो. हंड्यावरून तुटलेल्या थोरल्या भावाला खरे तर एवढेच म्हणायचे होते की, आई गेली आणि तिने जाताना आपली आठवण काढली की नाही, हे त्याला कळले नाही. हे वाक्य त्याने एकदा उच्चारले असते, तर धाकट्याजवळ त्याचे उत्तर असते. कदाचित तोही तेच विचारीत बसलेला असता.

अढी या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत, आणि दोन्ही घरात नित्य वापरले जातात. वैशाखात झाडावरून उतरवलेले कच्चे आंबे गवताच्या थरांत रचून ठेवतात, ती एक अढी. आणि मनात बसते ती दुसरी. पहिल्या अढीत बंद उबेने फळ पिकते, त्याला रंग चढतो, घरभर वास सुटतो. परंतु शहाणी गृहिणी अढी घालून ती विसरून जात नाही. दर दोन दिवसांनी ती गवत बाजूला करते, एकेक फळ हातात घेऊन पाहते, आणि डाग पडलेले फळ लगेच वेगळे काढते. कारण एका नासक्या फळाने सबंध अढी जाते. मनातल्या अढीची मात्र उलटी रीत आहे. तिच्यात काही पिकत नाही, आणि ती उघडून पाहण्याचे धैर्यही सहसा होत नाही. वर्षे लोटतात, वरचे गवत तसेच राहते, आणि खाली जे नासते त्याचा वास घरातल्या सर्वांना येत असतो. फक्त अढी घालणाऱ्याला त्याची सवय झालेली असते. एखाद्या संध्याकाळी त्याने ते गवत स्वतःच्या हाताने बाजूला करावे. खाली ठेवलेले फळ आता कोणाच्याही उपयोगाचे नाही, हे त्याला दिसेल. आणि हेही दिसेल की, ती खोली मोकळी केली, तर पुढच्या वैशाखात तेथे आंबे ठेवता येतील.